डेट्रॉइटचे पर आणि मुंबईची काळी-पिवळी

संशोधनाचा विषय विचारला आणि मी ‘मोटारींच्या रूपाचा इतिहास’ असं सांगितलं, की समोरच्याचा पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: ‘कुणाला काय आवडतं, यात इतिहास कसला?’ प्रश्न रास्त आहे. आवडनिवड ज्याची त्याची. पण एखादी वस्तू ‘भडक’ आहे, ‘वाया घालवलेला पत्रा’ आहे असं लोक जाहीरपणे भांडून सांगायला लागतात, तेव्हा भांडण फक्त आवडीचं राहत नाही. पैसा कुणाचा, गरज कुणाची आणि ठरवायचं कुणी, हे प्रश्न त्यात येतात. अमेरिकन मोटारींच्या टेलफिनवरून असंच भांडण झालं, आणि त्याचा एक धागा थेट कुर्ल्यापर्यंत येतो.

टेलफिन म्हणजे गाडीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर उभे राहिलेले पत्र्याचे पर. सुरुवात १९४८ च्या कॅडिलॅकपासून झाली. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ले अर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉकहीडचं पी-३८ हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान पाहिलं होतं, आणि ती शेपटी त्यांनी गाडीवर आणली. तेव्हा तो जेमतेम उंचवटा होता. पुढे क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनर यांनी १९५७ च्या मॉडेलांवर उंच, धारदार पर बसवले आणि स्पर्धा पेटली. १९५९ च्या कॅडिलॅकवर त्याचा कळस झाला: आभाळाकडे टोकं काढलेले पर आणि त्यांत रॉकेटच्या ज्वाळेसारखे दोन-दोन लाल दिवे.

या परांचा उपयोग काय? क्रायस्लरचं म्हणणं होतं, की जोराच्या आडव्या वाऱ्यात गाडी त्यांच्यामुळे स्थिर राहते. आमच्या वरोरच्या किनाऱ्यावर हे म्हणणं लगेच पटेल. पापलेट साफ करताना पर आधी कापून टाकतात, कारण खाण्यात त्यांचा उपयोग नाही. पण पाण्यात मासा तोल सांभाळतो तो त्यांच्याच जोरावर. गाडीच्या बाबतीत मात्र रोजच्या वेगाला हा फायदा जाणवण्याजोगा नव्हता. खरा उपयोग शोरूममध्ये होता. शेजाऱ्याची नवी गाडी दिसली, की आपली तीन वर्षांची गाडी जुनाट वाटली पाहिजे, हेच दरवर्षी रूप बदलण्यामागचं गणित होतं.

टीकाकारांनी नेमकं हेच धरलं. व्हॅन्स पॅकर्ड यांनी १९६० मध्ये ‘द वेस्ट मेकर्स’ या पुस्तकात वस्तू मुद्दाम जुनी पाडण्याच्या या पद्धतीवर झोड उठवली. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ आलं. त्यात नऊ वर्षांच्या एका मुलीची हकीकत आहे. तिची सायकल उभ्या कॅडिलॅकवर आदळली आणि गाडीचा पर लागून ती गेली. इथे ‘दिसायला वाईट’ हा मुद्दा मागे पडतो आणि शोभेची किंमत जिवानं मोजावी लागली, हा मुद्दा समोर येतो.

अभ्यासकांचे यावर दोन गट पडतात. डेव्हिड गार्टमन यांच्या ‘ऑटो ओपियम’ (१९९४) या पुस्तकाचं नावच बोलकं आहे: मोटारींची अफू. असेंब्ली लाइनवर दिवसभर एकच बोल्ट पिळणाऱ्या कामगाराला स्वतःच्या कामात जे मिळत नव्हतं, ते त्याला चकचकीत क्रोमच्या रूपात विकलं गेलं, असा त्यांचा युक्तिवाद. उलट बाजूला ब्रिटिश समीक्षक रेनर बॅनहॅम यांनी १९५५ मध्येच या गाड्यांची बाजू घेतली होती. ही लोकांची कला आहे, तिला चर्चच्या आणि संग्रहालयाच्या मापानं मोजू नका, असा त्यांचा सूर होता. शिवाय गिऱ्हाईक अगदीच मुकं नव्हतं. फोर्डच्या एड्सेलची उभी जाळी लोकांना घोड्याच्या गळपट्ट्यासारखी वाटली. इतरही कारणं होती, पण सप्टेंबर १९५७ मध्ये गाजावाजा करून आणलेली ही गाडी नोव्हेंबर १९५९ मध्ये बंद पडली. नुकसान साधारण २५ कोटी डॉलर्सचं.

आता मुंबईकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडायला सुरुवात झाली. पन्नाशीच्या दशकात इथून निघणाऱ्या डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डीसोटो डिप्लोमॅट या मुळात एकच गाडी होत्या. जाळी वेगळी, बिल्ला वेगळा, क्रोमच्या पट्ट्या वेगळ्या. म्हणजे गार्टमन ज्याला अफू म्हणतात, ती पुडी बांधून आपल्याकडेही येत होती.

मग १९५३ चा टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना इथे टप्प्याटप्प्यानं पूर्ण गाडी बनवायची आहे, त्यांनीच राहावं, असं धोरण ठरलं. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. प्रीमियरनं भर दिला तो इटलीच्या छोट्या फियाटवर. त्या काळातल्या गोल, फुगीर फियाटला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकलं. रूपावरचा वाद आपल्याकडे असा एका शब्दात मिटायचा.

माझ्या प्रबंधातला मला सर्वांत आवडणारा योगायोग १९६४ चा आहे. कॅडिलॅकवरचे शेवटचे पर त्या वर्षीच्या मॉडेलवर होते. त्याच वर्षी कुर्ल्यात फियाट ११०० डी बनायला लागली, आणि तिच्या मागच्या कोपऱ्यांवर डेट्रॉइटची ती फॅशन ट्यूरिनमार्गे, बरीच आटोपशीर होऊन, बसलेली होती. इटलीत हे मॉडेल १९६६ मध्ये संपलं. आपल्याकडे तीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली. टॅक्सी म्हणून तर ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरपर्यंत मुंबईत धावली.

म्हणजे तीन वर्षांत जुना वाटावा म्हणून जन्मलेला आकार इथे जवळजवळ साठ वर्षं राबला. त्याला कुणी उधळपट्टी म्हटलं नाही, कारण साच्यांचा खर्च कधीच वसूल झाला होता आणि सुटा भाग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिळत होता. वस्तूचा अर्थ तिच्या आकारात नसतो, ती किती काळ आणि कुणाच्या हातात राहते यात असतो, असं मी म्हणतो ते याच आधारावर.

पण म्हणून आपली पद्धत शहाणपणाची होती, असं मी लिहिणार नाही. अमेरिकेत एड्सेल नाकारता आली. इथे पद्मिनी नको तर अ‍ॅम्बेसेडर घ्या, आणि दोन्हींसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबा, अशी गत होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि लोक ज्या वेगानं तिकडे वळले, त्यावरून कळतं, की आधीची शांतता ही पसंती नव्हती. डेट्रॉइटनं दरवर्षी बदल लादला, आपण बदल न होणं लादलं. दोन्हीकडे रूप ठरवताना गिऱ्हाइकाला विचारलं गेलं ते सगळ्यात शेवटी.

पुढच्या लेखात टॅक्सीवाल्यांनी पद्मिनीच्या आतल्या छतावर जे रंगीबेरंगी जग उभं केलं, त्याबद्दल लिहीन. बाहेरचा पत्रा बदलता येत नसला, तरी आतली सजावट त्यांच्या हातात होती, आणि तो हक्क त्यांनी पुरेपूर बजावला.