एस्प्रेसोतून वाफ कशी गेली

आजचा भाग तुमच्याच एका प्रश्नावरून सुचला. 'पगार सुरू झालाय, घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?' हा मेसेज इतक्या जणांनी पाठवलाय, की एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एक आख्खा भाग केलेला बरा. मॉडेलचं नाव मात्र मी सांगणार नाही, ते सहा महिन्यांत शिळं होतं. मी सांगणार आहे इतिहास, आणि इथे तो खरोखर पैसे वाचवतो. कारण दुकानात एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेली मशिनं एका काळातली नसतात. एक १९०१ सालच्या कल्पनेवर चालतं, दुसरं १९४८ च्या, तिसरं १९६१ च्या. खोकी सगळी नवीकोरी, आणि प्रत्येक खोक्यावर फोटो तोच: छोटासा कप, वर तपकिरी-सोनेरी साय. ती साय म्हणजे क्रेमा. या तिघांपैकी एका मशीनमधून ती येतच नाही.

आधी आपल्या ओळखीच्या एस्प्रेसोबद्दल बोलू. म्हणजे रिसेप्शनमधल्या. हॉलच्या कोपऱ्यात स्टीलचं एक धूड असतं. तिथले काका मगात दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी घालतात, त्यात नळी बुडवतात, फुस्स असा मोठा आवाज होतो, दूध फेसाळून वर येतं, आणि वरून चॉकलेट पावडर भुरभुरवली जाते. पाटी असते 'एस्प्रेसो कॉफी'. कॅफेत जायला लागलेली मंडळी या कॉफीला हसतात. मी हसत नाही, डिसेंबरातल्या लग्नात मलाही ती हवीच असते. पण एक लक्षात घ्या, त्या कपातलं सगळं काम वाफेने केलेलं आहे. आपल्याकडे एस्प्रेसो हा शब्द वाफेला चिकटला. आणि इटलीत एस्प्रेसोचा सगळा इतिहास म्हणजे कॉफी काढण्याच्या कामातून याच वाफेला हाकलून देण्याची धडपड आहे.

सुरुवात अर्थात वाफेनेच झाली. एकोणिसावं शतक वाफेचंच होतं. आगगाड्या, गिरण्या, सगळं तिच्यावर चाललेलं. १८८४ साली तुरिन शहरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे आंजेलो मोरिओंदो नावाच्या गृहस्थाने वाफेवर चालणारं कॉफीचं यंत्र मांडलं आणि त्याचं पेटंटही घेतलं. त्याचा हॉटेल आणि बारचा धंदा होता. गिऱ्हाईक ताटकळतं ही त्याची अडचण, म्हणून एकदम पुष्कळ कॉफी काढणारं यंत्र. पण त्याने ते विकायला काढलं नाही, स्वतःच्या धंद्यापुरती मोजकी यंत्रं बनवून घेतली. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं त्याचं नाव कोणाला फारसं माहीतच नव्हतं.

१९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने पेटंट घेतलं ते एकेका कपाचं. दांडी असलेली छोटी गाळणी, तिच्यात दळलेली कॉफी दाबून भरायची, गाळणी यंत्राच्या तोंडाला अडकवायची आणि वरून गरम पाणी सोडायचं. आज कुठल्याही कॅफेत जाऊन बघा, ती दांडीवाली गाळणी, म्हणजे पोर्टाफिल्टर, तशीच आहे. बेझेराकडे कल्पना होती, भांडवल नव्हतं. ते देसिदेरियो पावोनीकडे होतं. त्याने पेटंट विकत घेतलं, ला पावोनी ही कंपनी काढली, आणि १९०६ च्या मिलानच्या प्रदर्शनात लोकांनी ही कॉफी चाखली. तुमच्यासाठी, तुमच्यासमोर, झटपट काढलेली कॉफी: एस्प्रेसो या शब्दात हे सगळे अर्थ आहेत. १९२२ ची एक जाहिरात मोबाइलवर शोधून बघा, लिओनेत्तो काप्पिएल्लो या चित्रकाराने व्हिक्टोरिया आर्दुइनो कंपनीसाठी काढलेली. धावत्या आगगाडीतून एक माणूस बाहेर झुकलाय आणि कॉफीच्या यंत्राजवळून जाता जाता कप उचलतोय. वेगाचं किती कौतुक होतं बघा.

चव मात्र करपट होती. का, ते समजायला आपला कुकर पुरे.

बंद भांड्यात पाणी उकळलं की वाफेचा दाब वाढतो, आणि दाबाबरोबर तापमानही वाढतं. दोन्ही एकमेकांना बांधलेले. शिट्टीपर्यंत आलेल्या घरच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो आणि आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास. (बार म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीवरच्या हवेचा जेवढा दाब असतो तेवढा.) बेझेराच्या पिढीतल्या यंत्रांचा दाब दीड बारच्या घरात, म्हणजे बॉयलरमधलं पाणी सव्वाशे अंशांच्या पुढे. तूरडाळीला हे उत्तम. कॉफीला पाहिजेत नव्वद ते पंचाण्णव अंश. आणि दीड बारचा जोरही फार नाही, बारीक दळलेल्या कॉफीतून पाणी नीट रेटायला तो पुरत नाही. मग दाब वाढवला तर? आज ज्याला आपण एस्प्रेसो म्हणतो त्याला नऊ बार लागतात. तेवढा दाब नुसत्या वाफेने आणायचा तर पाणी १८० अंशांपर्यंत तापवावं लागेल. आपण साधारण तेवढ्या तापमानावर भजी तळतो! म्हणजे वाफेच्या रस्त्याने जेवढा जोर वाढवाल, तेवढी कॉफी जास्त जळणार. यात कारागिरांचा दोष नव्हता, वाफेचा स्वभावच तसा. जवळपास चाळीस वर्षं इटलीतले कल्पक लोक या एकाच भिंतीवर डोकं आपटत होते.

मधेच १९३३ मध्ये आल्फोन्सो बियालेत्तीचा मोका पॉट आला. अॅल्युमिनियमचा, आठ पैलूंचा, गॅसवर ठेवायचा. चालतो तोही वाफेच्याच दाबावर, पण तो स्वतःला एस्प्रेसो म्हणवून घ्यायचा हट्ट धरत नाही. इटालियन माणसाची घरची कॉफी म्हणजे मोका, आणि एस्प्रेसो म्हणजे बारमध्ये काउंटरला उभं राहून दोन घोटांत संपवायची गोष्ट. आपण मात्र घरी बार थाटायला निघालोय. निघायला हरकत नाही, पण इटलीतल्या बहुतेक आज्यांनी ते कधीच केलं नाही हे माहीत असलेलं बरं.

भिंत फोडली ती आकिल्ले गाज्जा या मिलानच्या बारवाल्याने. तो इंजिनिअर नव्हता. रोज काउंटरमागे उभं राहून तीच करपट कॉफी देणारा माणूस. १९३८ मध्ये त्याने पहिलं पेटंट घेतलं, मग महायुद्ध आलं आणि सगळं थांबलं. युद्धानंतर, १९४७-४८ मध्ये, त्याचं दांडीचं यंत्र बाजारात आलं. त्याने केलं काय, तर दाब आणि तापमान यांची फारकत केली. बॉयलरने फक्त पाणी तापवायचं. दाब द्यायचा तो स्प्रिंग आणि दट्ट्याने. बारवाला दांडी खाली ओढतो, स्प्रिंग दाबली जाते, सिलिंडरमध्ये गरम पाणी शिरतं. दांडी सोडली की स्प्रिंग दट्ट्याला खाली ढकलते आणि पाणी आठ-नऊ बारच्या जोराने कॉफीतून जातं. सिलिंडरमध्ये मावेल तेवढंच पाणी, म्हणून कपही लहान झाला. दांडी अर्ध्यातच हातातून निसटली तर उसळून तोंडावर बसायची भीती, पण कॉफी करपत नव्हती.

आणि कपावर काहीतरी नवीनच आलं. घट्ट, तपकिरी फेस. एवढ्या दाबाखाली कॉफीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो आणि कपात आल्यावर बारीक बुडबुडे होऊन सुटतो, तोच हा फेस. गिऱ्हाइकांनी 'ही कसली मळी?' असं विचारलं म्हणतात. गाज्जाने त्या मळीचंच नाव केलं: क्रेमा. यंत्राच्या दर्शनी भागावर इटालियनमध्ये छापलेलं असायचं, नैसर्गिक कॉफीची क्रेमा, वाफेशिवाय चालतं. तर त्या काळात 'वाफेशिवाय' ही जाहिरात होती.

१९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेंतेने दांडीही काढून टाकली आणि विजेच्या मोटरवर चालणारा पंप बसवला. पाणी थेट नळाचं, दाब सतत नऊ बार. त्या यंत्राचं नाव ई६१. ई म्हणजे एक्लिप्स, त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून. कॅफेतली आजची मशिनं याच घराण्यातली.

त्याच वर्षी ला पावोनीने घरासाठी युरोपिक्कोला आणलं. यात स्प्रिंगसुद्धा नाही, दट्ट्या तुमच्या मनगटाने दाबायचा. १९७३ च्या 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये रॉजर मूरचा जेम्स बाँड घरी या मशीनवर कॉफी काढतो, आणि एवढा खटाटोप बघून त्याचा साहेब विचारतो, याने एवढंच होतं? प्रश्न योग्य आहे. हे मशीन आजही बनतं, दिसतं फारच सुंदर, पण लागोपाठ दोन-तीन कप काढले की तापून बसतं.

घराघरांत मशीन पोचलं ते स्वस्त छोट्या पंपामुळे. त्यात विजेच्या लहरीबरोबर सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होणारा एक दट्ट्या असतो. घरचं मशीन भुंग्यासारखं घरघरतं ते त्यामुळेच. खोक्यावर जे '१५ बार' किंवा '२० बार' ठळक छापलेलं असतं, ती या पंपाची कमाल ताकद, पाण्याला बाहेर पडायला वाटच नसतानाची. कॉफीवर हवेत नऊच. त्यामुळे २० वाल्याला जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

आता दुकानात चला. पाणी भरायचं झाकण बघा. धातूचं, कुकरसारखं घट्ट फिरवून लावायचं आणि दर वेळी मोजून पाणी घालायचं असेल, तर ते १९०१ आहे. आत पंप नाही, नुसती वाफ. काढून भरता येणारी प्लास्टिकची टाकी असेल, तर बहुधा पंप आहे. खोक्यावर तसं लिहिलंय का बघून घ्या. आणि तिसरा प्रकार, हाताने दाबायची छोटी यंत्रं, ज्यात किटलीतलं गरम पाणी ओतायचं आणि दांडी दाबायची. ती गाज्जाच्या वंशातली. वीज नको, बॉयलर नाही, बिघडायला फारसं काही नाही. एका माणसाला एक कप हवा असेल तर माझं मत याच्या बाजूने आहे.

वाफेचं मशीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. दूध फेसाळायला ते छान. पण दूध घालूनच कॉफी पिणार असाल तर त्याहून कमी पैशांत मोका येतो आणि चवही बरी देतो. हप्त्यावर पाच-सहा हजारांचं वाफेचं मशीन घेऊन क्रेमाची वाट बघणारे दोघं-तिघं माझ्या ओळखीत आहेत. मशीन बिघडलेलं नाही. ते जे आहे ते आहे.

पंपवालं घेणार असाल तर बजेटचा मोठा भाग ग्राइंडरसाठी ठेवा. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. पण नऊ बारचा दाब तेव्हाच तयार होतो, जेव्हा कॉफी त्याला अडवते, आणि अडवायला ती बारीक आणि एकसारखी दळलेली लागते. मिक्सरचं पातं दाणे फोडतं; काही पीठ, काही रवा. बर ग्राइंडर म्हणजे मात्र आपलं जातंच, दोन दातेरी चकत्या आणि त्यांच्यातलं अंतर कमीजास्त करायची सोय. ग्राइंडर नसलेल्यांसाठी बऱ्याच मशिनांत दुहेरी तळाची गाळणी देतात. तिला खाली एकच सुईएवढं भोक असतं, त्यामुळे तयार पावडरीवरही फेस येतो. तो फेस भोकाचा, कॉफीचा नाही. सुरुवातीला चालेल. इन्स्टंट पावडर तिच्यात घालू नका, आणि चिकोरीवालीही नको, ती पाणी पिऊन चिकट होते.

दाणे कुठले? इटलीचेच हवेत असं नाही. भारतीय कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली आहे. तिथल्या मिश्रणांत दाट क्रेमासाठी रोबस्टा घालतात, आणि त्यातला कितीतरी आपल्या शेजारच्या कर्नाटकातून जातो. तारीख बघून महिनाभरात भाजलेले घ्या, बस.

माझ्या घरी मशीनही आहे आणि मोकाही. पाहुणे चारच्या वर गेले की मी दोन्हींच्या वाटेला जात नाही, सरळ पातेल्यात चहा ठेवतो. घरच्या साध्या मशीनमध्ये बॉयलर एकच असतो. कॉफी काढायची, मग वाफेसाठी तो आणखी तापायची वाट बघायची, मग पुन्हा थंड करायचा. पाचव्या पाहुण्यापर्यंत पहिल्याची कॉफी पिऊन झालेली असते. आणि बोअरचं पाणी अजिबात घालू नका, आत क्षार साठून मशीन मरतं.

पहिल्या आठवड्यासाठी इटालियन एस्प्रेसो संस्थेचं माप धरा: सात ग्रॅम कॉफी, २५ सेकंद, २५ मिलिलिटर. दुहेरी गाळणी असेल तर कॉफी चौदा ग्रॅम, कपात पन्नास, वेळ तीच. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. दहा सेकंदांत कप भरला तर दळण बारीक करा, थेंब थेंब पडत राहिलं तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि आकडे लिहून ठेवा. मग मला पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.