चालू हॉटेल विकत घेताय? इसार देण्याआधी सल्ला घ्या

चाकूर, अहमदपूर, उदगीर, लोहा. आपल्या भागातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात बसस्टँडपासून तहसीलपर्यंत चालत गेले तरी पाच-सहा हॉटेले लागतात, आणि त्यांतले एखादे तरी ‘द्यायचे आहे’ अशा अवस्थेत असते. बोर्ड लागत नाही, बातमी चहाच्या टेबलावरून फिरते. घेणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. कोणी आखाती देशातून चार पैसे घेऊन परतलेला, कोणाच्या हाती निवृत्तीची रक्कम आलेली, कोणी दोन एकर विकून मुलाला धंद्याला लावू पाहणारा. नवीन काढण्यापेक्षा चालू घेतलेले बरे, गिऱ्हाईक तयार आहे, हा सगळ्यांचा एकच हिशोब.

आम्ही पेशाने शिक्षक. शाळेत पालक मुलांच्या दाखल्यासाठी येतात तसे अर्ज लिहून घ्यायला येतात आणि इसार पावती दाखवायलाही येतात. पण पावती दाखवायला येतात तेव्हा इसार देऊन झालेला असतो. मग सीए असो की वकील, तो फक्त कागद नीट करून देऊ शकतो. हा सौदा करावा की नाही, हा प्रश्न मागे पडलेला असतो. सल्ल्याची खरी किंमत इसाराच्या आधी आहे, म्हणून हा लेख.

विकणारा नेमके काय विकतो?

समजा, हॉटेलचे चौदा लाख सांगितले. त्यात भट्टी, फ्रीज, टेबल-खुर्च्या, भांडी मिळून चार लाख. जागामालकाकडे ठेवलेली अनामत दोन लाख. उरलेले आठ लाख कशाचे? ते ‘नावा’चे, म्हणजे गुडविलचे. चौदा लाखांतली सर्वांत मोठी रक्कम हाताला न लागणाऱ्या वस्तूची आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

आता हिशोब मांडू. आकडे आम्ही उदाहरणापुरते धरले आहेत, आपले आपण टाकावेत. रोजचा गल्ला ९,००० रुपये, महिन्याचे २८ दिवस, म्हणजे २,५२,००० रुपये. किराणा, मटण-चिकन, दूध, तेल यावर शंभरातले ४५ धरले तर १,१३,४०० गेले. आचारी, त्याचा मदतनीस, दोन वेटर आणि भांडी घासणारा मिळून पगार ६२,०००. भाडे १५,०००, वीज ७,०००, गॅस १८,०००, पाणी ४,०००, किरकोळ ६,०००. एकूण खर्च २,२५,४००. शिल्लक २६,६००.

विकणारा म्हणेल, बघा, महिन्याला साडेसव्वीस हजार सुटतात. पण त्यासाठी तो स्वतः सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत गल्ल्यावर बसतो. त्याच्या जागी माणूस ठेवला तर १५,००० द्यावे लागतील. म्हणजे धंद्याने कमावलेले ११,६०० आणि बाकी त्याची मजुरी. नावाचे आठ लाख या ११,६०० मधून फिटायला ६९ महिने लागतात, पावणेसहा वर्षे. आठ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता साधारण १७,४०० रुपये बसतो. तुम्ही स्वतः गल्ल्यावर बसलात तरी २६,६०० मधून हप्ता देऊन घरात ९,२०० येतील.

आणि यात जीएसटी धरलेलाच नाही. महिन्याला अडीच लाख म्हणजे वर्षाला तीस लाखांचा धंदा झाला. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या पुढे नोंदणी लागते, आणि हॉटेल सेवेत मोडते. लहान हॉटेलवाल्याने कंपोझिशन योजना घेतली तर उलाढालीच्या ५ टक्के कर भरायचा असतो आणि तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. या उदाहरणात ते १२,६०० रुपये झाले. हप्ता आणि कर दोन्ही वजा केले की २६,६०० चे उणे ३,४०० होतात. विकणाऱ्याने आजवर नोंदणी केलीच नसेल तर त्याचा नफा खरा वाटतो, तुमचा मात्र त्याच गल्ल्यावर तोटा होतो. एवढे गणित सातवी-आठवीच्या मुलालाही जमते. अवघड आहे ते त्यातला ९,००० चा आकडा खरा आहे की नाही हे ठरवणे.

गल्ला तपासायचा कसा

वहीवर जाऊ नका. बारा महिन्यांचे बँक स्टेटमेंट मागा. हल्ली चहाचे दहा रुपयेही फोनवरून येतात, त्यामुळे रोखीचा नसला तरी उरलेल्या धंद्याचा अंदाज त्यात दिसतो. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागा. मात्र ती ४४एडी या कलमाखाली भरलेली असतील तर जपून. त्या सवलतीत दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून कर भरता येतो, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. म्हणजे विवरणपत्रातला ‘नफा’ हा ठरीव आकडा असतो. हॉटेलने खरोखर काय कमावले ते त्यातून कळत नाही.

गॅसची बिले जास्त बोलतात. हॉटेलला १९ किलोची व्यावसायिक टाकीच वापरावी लागते. महिन्याला किती टाक्या लागल्या, ते गल्ल्याशी ताडून पाहा. दूधवाल्याचा रतीब, चिकनवाल्याची वही, दोन्ही विचारा. घरगुती लाल टाकी मागच्या खोलीत दिसली तर खर्चाचा आकडा खोटा आहे असे समजावे.

त्याशिवाय सात दिवस, आठवडी बाजाराचा वार धरून, स्वतः तिथे बसा. चाकूरला तहसील, कोर्ट, शाळा-कॉलेज, सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि नांदेड-लातूर रस्त्याची ये-जा आहे. यातले कोणते गिऱ्हाईक या हॉटेलचे आहे, ते बसल्याशिवाय कळत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांवर चालणारे हॉटेल असेल तर बाह्यवळण रस्त्याचे काय ठरले आहे, हे सार्वजनिक बांधकाम किंवा महामार्ग कार्यालयात विचारून यावे. रमजानच्या महिन्यातला आकडा दाखवला तर तो बाजूला ठेवा. दिवसा बंद आणि इफ्तारनंतर गर्दी, असा तो वेगळाच महिना असतो, आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो.

पाण्याचे चार हजार आम्ही वर धरले, ते चांगल्या पावसाच्या वर्षाचे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे कोणी विसरलेले नाही. बोअर कोणाची, उन्हाळ्यात किती दिवस टँकर लागतो, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा. तो खरे सांगतो.

मागची देणी पुढे येतात

बहुतेकांना वाटते, जुन्या मालकाची उधारी जुन्या मालकाची. किराणावाल्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे, सरकारी देण्यांच्या बाबतीत नाही. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ८५ सांगते की धंदा विकला गेला तर विक्रीच्या दिवसापर्यंतच्या कर, व्याज आणि दंडाला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार. त्याच कायद्याच्या कलम २२ नुसार विकणारा नोंदणीकृत असेल तर चालू धंदा घेणाऱ्यालाही ताबा घेतल्या दिवसापासून नोंदणी लागते. आपली उलाढाल २० लाख होईपर्यंत थांबता येत नाही.

विजेचेही तसेच आहे. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या के. सी. निनान यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की नियमांत तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्या ग्राहकाकडून मागता येते. आपल्या राज्यातील वीजपुरवठा संहितेत वारस सोडून इतरांवर येणारा बोजा सहा महिन्यांच्या थकबाकीपुरता ठेवला आहे. उन्हाळ्यात दोन फ्रीज चालवणाऱ्या हॉटेलचे सहा महिन्यांचे बिलही थोडे नसते. म्हणून मीटरचे शेवटचे बिल आणि नगरपंचायतीची कराची पावती डोळ्यांनी पाहावी. सौद्याच्या रकमेतला काही भाग सगळी देणी निल झाल्यावर द्यायचा, अशी अट करारातच घालून घ्यावी. चांगला सीए हे स्वतःहून सुचवतो.

अन्न परवाना विकत मिळत नाही. भिंतीवरचा फ्रेममधला कागद जुन्या मालकाच्या नावाचा असतो. तुम्हाला तुमच्या नावाने नवा घ्यावा लागतो. उलाढालीनुसार साधी नोंदणी चालेल की राज्य परवाना लागेल, ही मर्यादा अर्ज करताना ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर पाहून घ्यावी.

जागा भाड्याची असेल तर सगळा सौदा जागामालकाच्या हातात आहे. विकणाऱ्याला पोटभाडेकरू ठेवण्याचा हक्क आहे का? मालकाची लेखी संमती आहे का? एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो. ११ महिन्यांचा कागद हातात घेऊन नावासाठी आठ लाख देणारा माणूस खरे तर ११ महिन्यांचे नाव घेतो.

नावाचे तरी काय? बिर्याणी, तहारी आचाऱ्याच्या हाताची असते आणि आचारी सौद्यात बांधलेला नसतो. त्याच्याशी आधी बोला. विकणाऱ्यानेच दोन महिन्यांनी समोर दुसरे हॉटेल काढले तर? याला कायद्यात उपाय आहे, तो फारसा कोणी वापरत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ धंदा करण्यावर बंदी घालणारे करार रद्द ठरवते, पण गुडविल विकणाऱ्याला अपवाद ठेवते. ठरावीक हद्दीत, वाजवी प्रमाणात, तसाच धंदा न करण्याची अट त्याच्यावर घालता येते. आठ लाख नावाचे देत असाल तर ही ओळ करारात हवीच.

पैसा कुठून, आणि कोणत्या बोलीवर

मुद्रा योजनेत धंद्यासाठी तारणाशिवाय कर्ज मिळते. किशोर गटात पाच लाखांपर्यंत, तरुण गटात दहा लाखांपर्यंत. तरुण कर्ज फेडलेल्यांना २०२४ पासून वीस लाखांपर्यंत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अनुदान नव्या उद्योगासाठी आहे, चालू हॉटेल विकत घ्यायला ते धरून चालू नये. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कर्ज योजनांची चौकशी जिल्हा कार्यालयात जाऊन करावी; एजंटामार्फत नको.

आपल्यातली पुष्कळ घरे व्याजाचे कर्ज घेत नाहीत. मग भाऊ, साडू, मित्र यांच्याकडून पैसा येतो आणि त्याला भागीदारी म्हटले जाते. पण पाच लाख दिले आणि महिन्याला ठरलेले दहा हजार घेतले, धंदा चालो वा न चालो, तर ती भागीदारी नव्हे. नाव बदलले तरी ते व्याजच, हे कोणीही आलिम सांगतील. मुशारकात नफा ठरलेल्या प्रमाणात आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात वाटला जातो. तोटा कसा वाटायचा ते बोलायची लाज वाटते म्हणून ते राहून जाते. सूरह बकराची आयत २८२, कुरआनातली सर्वांत लांब आयत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. कायद्याच्या बाजूनेही १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंद नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, भागीदारालाही आपल्या हक्कासाठी अडचण येते. करारनामा करा आणि नोंदवा.

घरातल्या बाईचे दागिने मोडायचे असतील तर तिला विचारा, आणि आकडे तिच्यासमोर मांडून विचारा. मेहरचे सोने तिचे आहे.

विचारायचे कोणाला

दलाल सल्लागार नसतो. सौदा झाला तरच त्याला पैसे मिळतात. विकणाऱ्याचा सीए तुमचा सीए होऊ शकत नाही. लातूर, उदगीर, नांदेडला सीए आहेत, स्वतःचा वेगळा गाठा. कोणी सीएच्या सहीचे प्रमाणपत्र दाखवले तर त्यावरचा १८ अंकी यूडीआयएन क्रमांक पाहा. २०१९ पासून तो सक्तीचा आहे आणि सीए संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून कोणालाही तपासता येतो. भाडेपट्टा आणि करारासाठी वकील. तिसरा माणूस म्हणजे दुसऱ्या तालुक्यात हॉटेल चालवणारा. तो तुमचा प्रतिस्पर्धी नाही, भट्टीकडे एक नजर टाकून किंमत सांगेल. मशिदीत, नातेवाइकांत मशवरा जरूर करावा, इस्तिखाराही करावा. पण जीएसटीची थकबाकी पोर्टलवरच दिसते.

सीएकडे जाताना ‘घेऊ का?’ एवढेच विचारू नका. गल्ला एक तृतीयांशाने कमी झाला तर किती महिने तग धरेल, हे विचारा. मार्च २०२० मध्ये हॉटेले एका रात्रीत बंद झाली, तेव्हा भाडे थांबले नव्हते.

रक्कम बँकेतूनच द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यात दंड आहे, आणि रोखीने दिलेल्या रकमेचा पुरावा शेवटी तुमच्याकडेही राहत नाही. ताबा घ्याल त्या दिवशी मीटरचे रीडिंग, गॅसच्या टाक्या आणि सामानाची यादी दोघांच्या सहीने करा. आणि गल्ल्यावर चिकटवलेला जुना क्यूआर कोड त्याच दिवशी काढून आपला लावा. तो तसाच राहिला तर तुमच्या चहाचे पैसे जुन्या मालकाच्या खात्यात जमा होत राहतील.