रांग पुढे सरकली, यादी मागेच राहिली: अ‍ॅपमधली लिस्ट डेटाशी कशी जुळवून ठेवतात?

डाउनलोडला पाच व्हिडिओ लावलेत. त्यातला तिसरा नको म्हणून तुम्ही त्याच्या ओळीतल्या फुलीवर टॅप करता आणि रद्द होतो भलताच! किंवा डाउनलोड कधीच पूर्ण झालेलं असतं, पण ओळ मात्र ९९ टक्क्यांवर अडकलेली दिसते. किंवा यादी स्क्रोल करता करता अख्खं अ‍ॅपच बंद पडतं.

या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण बऱ्याचदा मूळ एकच असतं. आत चालू असलेली रांग आणि स्क्रीनवर दिसणारी यादी यांचा मेळ सुटलेला असतो. हा मेळ कसा राखतात आणि तो कुठे सुटतो, ते आज पाहूया. नावं मुख्यतः अँड्रॉइडमधली घेतली आहेत, पण तत्त्वं आयफोनलाही तशीच लागू पडतात.

रांग वेगळी, तिचं चित्र वेगळं

डाउनलोडची रांग म्हणजे फोनच्या मेमरीतला डेटा. नवीन काम मागे उभं राहतं, पुढचं पूर्ण झालं की बाहेर पडतं. तुम्ही स्क्रीनकडे बघत असा किंवा नसा, रांग बदलतच राहते. स्क्रीनवरची यादी हे त्या रांगेचं फक्त चित्र आहे. डेटा आणि त्याचं चित्र वेगळं ठेवायचं ही कल्पना बरीच जुनी आहे. नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात असताना मांडलेली मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही रचना याच विचारावर उभी आहे. मॉडेल म्हणजे डेटा, व्ह्यू म्हणजे चित्र.

फोनवर यात आणखी एक गंमत होते. यादीत हजार नोंदी असल्या तरी फोन हजार ओळी तयार करत नाही. स्क्रीनवर मावतात तेवढ्या आणि वर थोड्या जास्तीच्या, एवढ्याच ओळी बनवतो. स्क्रोल करताना वरून बाहेर गेलेली ओळ नवा मजकूर भरून खालून परत येते. अँड्रॉइडमध्ये हे काम रिसायकलरव्ह्यू करतो. तो २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ सोबत आला.

आता समजा, डाउनलोड करणाऱ्या कोडने 'गणित' व्हिडिओची ओळ धरून ठेवली आणि तो थेट तिच्यावरच टक्केवारी लिहीत बसला. तुम्ही खाली स्क्रोल केलं. तीच ओळ आता 'विज्ञान' दाखवतेय. गणिताचे ५० टक्के विज्ञानासमोर उमटले! म्हणून पहिला नियम असा: कोडने ओळीला हात लावायचा नाही. त्याने फक्त डेटा बदलायचा, आणि ओळ त्या डेटावरून काढली जाईल.

ओळीचा क्रमांक म्हणजे ओळख नाही

दवाखान्यात तुम्हाला १७ नंबरचं टोकन मिळतं. तुमच्या पुढे आधी सहा जण असतात, मग चार, मग एक. पुढच्या माणसांची संख्या सारखी बदलते, टोकन मात्र तेच राहतं. कंपाउंडरने "पाचव्या खुर्चीवरचा पेशंट आत पाठवा" असं ठरवलं तर गोंधळ होणारच, कारण खुर्चीवरची माणसं सरकत असतात.

अ‍ॅपमध्येही हेच घडतं. रांग अशी आहे असं धरा: ० गणित, १ भूगोल, २ इतिहास, ३ मराठी, ४ विज्ञान. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो. इतिहासाच्या फुलीने ओळ काढली जाताना '२' हा आकडा लक्षात ठेवला. तेवढ्यात गणित पूर्ण होऊन रांगेतून बाहेर पडलं आणि सगळे एकेक घर पुढे सरकले. आता २ क्रमांकावर मराठी आहे. तुम्ही इतिहासाची फुली दाबता, अ‍ॅप २ नंबर रद्द करतं, आणि मराठीचा अर्धा उतरलेला व्हिडिओ जातो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला कायमचा आयडी द्यायचा, अगदी टोकनसारखा. फुलीने आयडीच पाठवायचा. क्रमांक लागलाच तर तो टॅप झाल्या क्षणी विचारायचा, जुना वापरायचा नाही. रिसायकलरव्ह्यूला असा प्रश्न विचारता येतो. ती नोंद यादीतून गेलेली असेल तर तो उणे १ असं उत्तर देतो. तेव्हा काहीच करायचं नाही, हेही कोडमध्ये लिहावं लागतं.

काय बदललं ते सांगायचं कसं?

रांग बदलली की यादीला कळवावं लागतं. त्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली, "सगळंच बदललं, पुन्हा मांड." अँड्रॉइडमधली नोटिफाय-डेटासेट-चेंज्ड ही सूचना तेच सांगते. लिहायला सोपी आणि चुकायला जागा कमी. पण कोण गेलं, कोण आलं हे यादीला कळत नाही. त्यामुळे दिसणारी प्रत्येक ओळ पुन्हा भरली जाते आणि ओळ हळूच सरकण्याचं अ‍ॅनिमेशनही मिळत नाही. दहा नोंदींच्या, क्वचित बदलणाऱ्या यादीला हे चालून जातं. सेकंदाला अनेकदा बदलणाऱ्या रांगेला नाही.

दुसरी, नेमकं सांगणं: अमुक जागी एक आली, अमुक जागची गेली, ही इकडून तिकडे हलली, हिचा फक्त मजकूर बदलला. दिसायला हे छान, पण इथे हिशेब चोख लागतो. वरच्याच पाच व्हिडिओंमधून १ आणि ३, म्हणजे भूगोल आणि मराठी, काढायचे आहेत. आधी १ काढला तर उरलेले पुढे सरकतात आणि ३ वर विज्ञान येतं. चुकीचा व्हिडिओ उडाला! एकेक करून काढताना खालून वर यायचं: आधी ३, मग १.

हिशेब चुकला तर अ‍ॅप सरळ क्रॅश होऊ शकतं. आयफोनवरची यादी बेरीज तपासते: आधीच्या ओळी, अधिक नवीन आलेल्या, वजा काढलेल्या, बरोबर आताच्या ओळी. हे जुळलं नाही तर अ‍ॅप तिथेच बंद होतं. अँड्रॉइडवरही 'इनकन्सिस्टन्सी डिटेक्टेड' अशा संदेशाने अ‍ॅप पडतं. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही सांगितलेले बदल आणि खरा डेटा जुळत नाहीत.

फरक कोडलाच शोधू द्या

हा हिशेब हाताने ठेवण्यापेक्षा जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून फरक काढणं सोपं. अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून यासाठी डिफयुटिल आहे. त्याच्या मुळाशी यूजीन मायर्स यांची १९८६ मधली पद्धत आहे. गिट वापरणाऱ्यांना तिची ओळख न कळत झालेली असते, कारण दोन फाइल्समधला फरक दाखवताना गिटही मूळ सेटिंगमध्ये तीच पद्धत वापरतं.

डिफयुटिल तुमच्या कोडला दोन प्रश्न विचारतो. एक, या दोन नोंदी म्हणजे तोच व्हिडिओ आहे का? इथे फक्त आयडी तपासायचा. दोन, तोच असेल तर त्याचा मजकूर तसाच आहे का? इथे नाव, टक्केवारी, स्थिती बघायची. 'इतिहास' ४० वरून ४१ टक्क्यांवर गेला तर पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. मग फक्त तेवढीच ओळ बदलते. पहिल्याच प्रश्नात टक्केवारी घुसडली तर मात्र प्रत्येक टक्क्याला जुना व्हिडिओ गेला आणि नवा आला असं समजलं जातं, आणि ओळ लुकलुकायला लागते.

आयफोनवर याच विचाराची डिफेबल डेटा सोर्स ही सोय २०१९ मध्ये आयओएस १३ सोबत आली. जेटपॅक कंपोजमध्ये यादी करताना प्रत्येक नोंदीला 'की' देतात, तीही हीच ओळख.

थ्रेडचा घोळ

स्क्रीनवर काढायचं काम अँड्रॉइडमध्ये मुख्य थ्रेडवर होतं. ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्‌झवर ८.३. गूगलने डिफयुटिलच्या माहितीत दिलेल्या मोजमापांत, नेक्सस ५एक्स फोनवर १००० नोंदी आणि २०० बदल यांना सुमारे २७ मिलिसेकंद लागले आहेत. म्हणजे मुख्य थ्रेडवर केलं तर एखाददुसरी फ्रेम हुकणार आणि स्क्रोल अडखळणार. म्हणून फरक बॅकग्राउंड थ्रेडवर काढायचा आणि निकाल मुख्य थ्रेडवर लावायचा. अँड्रॉइडचा लिस्टअ‍ॅडॅप्टर हे आपणहून करतो.

पण फरक काढणं चालू असताना डाउनलोडच्या थ्रेडने तीच यादी बदलली तर? मोजता मोजता रांगेतली माणसं हलली तर मोजणी चुकणारच. म्हणून स्क्रीनला चालू रांग द्यायची नाही, त्या क्षणीची प्रत द्यायची. फोटोसारखी, नंतर न बदलणारी. लिस्टअ‍ॅडॅप्टर शिकताना पुष्कळ जण इथेच अडकतात. ते त्याच यादीत नोंद वाढवतात आणि तीच यादी पुन्हा देतात. अ‍ॅडॅप्टर बघतो की ही तर आधीचीच यादी आहे, आणि काहीच करत नाही. स्क्रीन जुनीच राहते.

आणखी एक गोष्ट. डाउनलोडचा आकडा सेकंदाला शेकडो वेळा बदलू शकतो, पण डोळ्याला त्याचा काही उपयोग नाही. सेकंदाला चार-पाच वेळा दाखवलं तरी पुरतं. फक्त शेवटची 'पूर्ण झालं' ही बातमी गाळायची नाही. ती गळली की ओळ ९९ वर अडकते.

मेळ अचूक, तरीही चुकीचा टॅप

वरचं सगळं बरोबर केलं तरी एक अडचण उरते ती माणसाची. डोळ्याने ओळ पाहिली आणि बोट टेकलं, यात थोडा वेळ जातो. तेवढ्यात यादी सरकली तर टॅप शेजारच्या ओळीवर पडतो. अ‍ॅपच्या लेखी सगळं ठीक, तुमचा व्हिडिओ मात्र गेला. म्हणून चांगल्या यादीत या गोष्टी असतात:

- पूर्ण झालेली ओळ लगेच गायब होत नाही, थोडा वेळ 'पूर्ण' अशी खूण घेऊन जागेवरच राहते.
- तुम्ही मधेच वाचत असाल तर नवीन नोंदी यादी ढकलत नाहीत. 'नवीन आलं आहे' असं छोटं बटण दिसतं.
- रद्द करताना "नक्की?" एवढंच न विचारता नाव घेऊन विचारलं जातं: "'इतिहास' रद्द करायचा?"
- चुकून उडालं तर काही सेकंद 'पूर्ववत करा' मिळतं.

वापरणारे म्हणून तुम्ही एवढं करा: यादी हलत असेल तर आधी रांग पॉज करा, मग काढा, आणि विचारणा आली की नाव वाचूनच 'हो' म्हणा.

थोडक्यात

अ‍ॅप बनवत असाल, कॉलेजचा प्रोजेक्ट असला तरी, हे तपासा:

१. खरा डेटा एकाच ठिकाणी आहे ना? ओळीत वेगळा साठवलेला नाही ना?
२. प्रत्येक नोंदीला न बदलणारा आयडी आहे का?
३. बटण दाबल्यावर आयडी जातो की क्रमांक?
४. स्क्रीनला रांगेची प्रत मिळते की चालू रांगच?
५. फरक बॅकग्राउंडला काढून निकाल मुख्य थ्रेडवर लावला आहे का?

चाचणी सोपी आहे. दहा-बारा छोट्या फाइल्स एकदम डाउनलोडला लावा, नेट मधेच बंद-चालू करा, भराभर स्क्रोल करा आणि मधल्याच दोन-तीन रद्द करा. शेवटी फोल्डर उघडून बघा. ज्या रद्द केल्या त्याच नसतील आणि बाकीच्या सगळ्या असतील, तर तुमची यादी विश्वासाची आहे.