मूकपटातली माणसे लगबगीने का चालतात?

मूकपट म्हटला की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते : तुरुतुरु चालणारी माणसे, झटक्यासरशी हलणारे हात आणि पिठासारखे पांढरे चेहरे. वर्गात असा एखादा तुकडा दाखवला की मुले हसतात. त्या काळच्या नटांना अभिनय जमत नव्हता, असेही त्यांना वाटते. हे कितपत खरे आहे, ते इतिहास आणि थोडे गणित यांच्या मदतीने तपासून पाहू.

गोवंडीहून हार्बर मार्गाच्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत गेले, की लोखंडी सांगाड्याची एक जुनी इमारत लागते. हे एकेकाळचे वॉटसन हॉटेल. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला पहिला तिकीट लावून केलेला खेळ २८ डिसेंबर १८९५ चा. त्यानंतर साधारण सहाच महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांची हलती चित्रे या हॉटेलात दाखवली गेली. तिकीट होते एक रुपया. त्यांतल्या एका चित्रात ल्युमिएर यांच्याच कारखान्यातले कामगार बाहेर पडताना दिसतात. युरोपीय पडद्यावरचे हे आरंभीचे ‘कलाकार’ अभिनय मुळीच करत नव्हते, नुसते घरी निघाले होते. तरीही आज तेसुद्धा लगबगीने चालताना का दिसतात?

याचे कारण यंत्रात आहे. तेव्हाच्या कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. सेकंदाला दोन फेरे, दर फेऱ्याला ८ चित्रे, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ चित्रे. पुढे बोलपट आले. आवाज खरा वाटायचा तर वेग स्थिर हवा, म्हणून सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण ठरले. १६ च्या वेगाने टिपलेली फिल्म २४ च्या वेगाने दाखवली, की प्रत्येक हालचाल दीडपट जलद होते. डेन्मार्कची आस्टा नील्सन १९१० पासून आपल्या संयत अभिनयासाठी गाजली. तिची सावकाश वळणारी नजरही अशा वेळी झटक्यासारखी दिसते.

पांढऱ्या चेहऱ्यांचे कारणही तांत्रिकच. तेव्हाची फिल्म निळा प्रकाश चटकन टिपे, तांबडा जवळजवळ नाहीच. त्वचेची लाली पडद्यावर काळपट उतरे. म्हणून नट चेहऱ्याला फिकट रंग लावत.

वेग आणि काळ यांचे हे नाते दादासाहेब फाळके यांनी चांगले ओळखले होते. मुंबईत ‘ख्रिस्ताचे जीवन’ हा मूकपट पाहून ते या ध्यासाने झपाटले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी कॅमेरा आणला. परत आल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप वाढताना थोड्याथोड्या अवधीने एकेक चित्र टिपले. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढले. फाळक्यांनी जे मुद्दाम केले, तेच आपण जुन्या नटांच्या बाबतीत नकळत करतो.

आता फाळक्यांच्याच ‘राजा हरिश्चंद्र’चा हिशेब करू. ३ मे १९१३ रोजी गिरगावात प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची लांबी ३७०० फूट होती. एका फुटात १६ चित्रे बसतात. सेकंदाला १६ चित्रे धरली तर हा खेळ सुमारे ६२ मिनिटांचा होतो, २४ धरली तर ४१ मिनिटांचा. पुष्कळ ठिकाणी त्याची लांबी ४० मिनिटे दिलेली असते. हा आकडा २४ च्या हिशेबाशी जुळतो!

यात नुकसान नटाचे होते. तारामती झालेले अण्णा साळुंके आधी एका खाणावळीत स्वयंपाकी होते. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे त्यांनीच केली. संवाद नाहीत, आवाज नाही. दोन भूमिकांतला फरक चालीतून, मानेच्या वळणातून, नजरेतूनच दाखवायचा. वेग चुकला की नेमके तेच हरवते. आपल्याकडचे बहुतेक मूकपट नष्ट झाले आहेत. जे थोडे तुकडे उरले आहेत, ते तरी नीट पाहायला हवेत.

वर्गात एक प्रयोग करा. माणूस सहज चालताना मिनिटाला साधारण ११० पावले टाकतो. मुलांना आधी स्वतःची पावले मोजू द्या, मग मूकपटातल्या माणसाची. आकडा १६० च्या पुढे गेला तर संगणकावर वेग दोन-तृतीयांश करून तोच तुकडा पुन्हा दाखवा. मुले आता कुठे हसतात आणि कुठे गप्प होतात, याची नोंद जरूर ठेवा.