युइंगाइट

युरेनियमाचे जलयुक्त कार्बोनेट खनिज. स्फटिक चतुष्कोणीय, अतिसूक्ष्म. रंग सोनेरी पिवळा. चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्ह येथील प्लाव्नो या जुन्या खाणीच्या ओलसर भिंतीवर सापडले. २०१७ मध्ये ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. वर्णनकर्त्यांत ट्रॅव्हिस ओल्ड्स, याकुब प्लाशिल, अँथनी काम्फ व पीटर बर्न्स हे प्रमुख होत. नाव अमेरिकन खनिजवैज्ञानिक रॉडनी युइंग (१९४६–२०२४) यांच्यावरून. वापरलेल्या अणुइंधनाचे दीर्घकाळात काय होते, हा युइंग यांच्या संशोधनाचा विषय होता.

ओळख : युरेनियमाच्या खाणीतील पिवळी पुटे डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाहीत. एकाच हातभर भिंतीवर कार्बोनेटे, सल्फेटे व ऑक्साइडे शेजारीशेजारी असतात आणि रंगात फारसा फरक नसतो. रासायनिक पृथक्करणही अपुरे पडते, कारण इलेक्ट्रॉन शलाकेखाली निर्वातात अशा खनिजांतील पाणी निघून जाते व बेरीज जुळत नाही. निर्णायक पुरावा एकाच स्फटिकावरील क्ष-किरण विवर्तनाचा. अणूंच्या जागा ठरल्या की पाण्याचे प्रमाणही त्यावरून काढता येते. नव्या खनिजाचा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय खनिजवैज्ञानिक संघटनेच्या आयोगापुढे मतदानाला जातो. मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. युइंगाइटाला २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

संरचना : या खनिजाचे खरे महत्त्व येथे आहे. सूत्रात मॅग्नेशियम ८, कॅल्शियम ८, युरेनिल गट २४, कार्बोनेट गट ३०, ऑक्सिजन ४, हायड्रॉक्सिल १२ आणि पाण्याचे रेणू १३८. युरेनिल व कार्बोनेट गट मिळून नॅनोमीटर आकाराचे पिंजरे तयार होतात. त्यांच्या आत व भोवती पाणी असते. खनिजवैज्ञानिक सर्गेई क्रिवोविचेव्ह यांनी माहिती-सिद्धांतावर बेतलेल्या मापनानुसार खनिजाची जटिलता एकक कोशिकेमागे बिटांत मोजतात. खनिजांची सरासरी सुमारे २२८ बिट येते. १,००० च्या पुढील खनिजे अतिजटिल मानली जातात. युइंगाइटाची जटिलता सुमारे १२,६८५ बिट. हायड्रोजन हिशोबात धरल्यास आकडा आणखी मोठा येतो, त्यामुळे निरनिराळ्या कोष्टकांची तुलना जपून करावी. वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा ज्ञात खनिजांत ते सर्वांत जटिल ठरले.

उत्पत्ती : युरेनिनाइट या युरेनियम डायऑक्साइडच्या खनिजातील चतुःसंयुजी युरेनियमाचे हवा व पाणी यांच्यामुळे ऑक्सिडीकरण होऊन षट्संयुजी युरेनिल आयन बनतो. कार्बोनेटयुक्त पाण्यात तो सहज विरघळतो व वाहून जातो. बोगद्याच्या भिंतीवर पाणी सुकले की स्फटिक जमतात. वापरलेले इंधन हे मुख्यतः युरेनियम डायऑक्साइडच असल्याने भूमिगत साठवणीच्या अभ्यासात अशा खनिजांना स्थान आहे. बोगदा माणसाने खोदला नसता तर हे खनिज तेथे बनले असते का, याविषयी मतभेद संभवतो. आयोग अशा खनिजांना सामान्यतः नैसर्गिक मानतो. रॉबर्ट हेझन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मुख्यतः वा केवळ मानवी व्यवहारांमुळे निर्माण झालेल्या २०८ खनिजांची यादी प्रसिद्ध केली; तीत खाणींतील खनिजांचा भरणा मोठा आहे.

स्थान : याखिमोव्ह (जर्मन नाव सांक्ट योआखिमस्टाल) १५१६ पासून चांदीसाठी प्रसिद्ध. क्यूरी दांपत्याने रेडियम मिळवले ते येथील पिचब्लेंडाच्या (युरेनिनाइटाच्या एका प्रकाराच्या) टाकाऊ अवशेषांतून. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत गरजेपोटी येथे युरेनियम काढण्यात आले आणि राजकीय कैदी राबवले गेले. युरेनिनाइटासह अनेक युरेनियम खनिजांचे मूळ वर्णन याच भागातील नमुन्यांवरून झाले. अलीकडच्यांपैकी ॲग्रिकोलाइट, श्टेपाइट, बेहोउनेकाइट व स्वोर्नोस्टाइट उल्लेखनीय आहेत.

उपयोग : धातुक म्हणून नाही.