खड्ड्याचा किती धक्का हातापर्यंत यावा?

गुरुग्रामच्या कारखान्यात तयार होणारी पाच दारांची जिम्नी २०२३च्या जूनमध्ये भारतीय बाजारात आली. बहुतेक मोटारींनी रॅक अँड पिनियन स्टीअरिंग केव्हाच स्वीकारले असताना या नव्या गाडीत मात्र जुन्या घडणीचा, पोलादी गोळ्यांवर चालणारा स्टीअरिंग बॉक्स होता. आडवाटेच्या गाडीसाठी बॉक्स निवडताना अभियंत्यांना नेहमीच एका पेचाला तोंड द्यावे लागले आहे. चालकाचे बळ चाकांपर्यंत सहज पोहोचावे आणि चाकांचा धक्का चालकापर्यंत पोहोचू नये, या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरोधात जातात.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप पुढे मुंबईत जुळवली जाऊ लागली. तिच्या स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाला सर्पिल खाच असलेला दंडगोल होता आणि एका तरफेच्या दोन खुंट्या त्या खाचेत घासत सरकत. या घर्षणात चालकाचे श्रम वाया जात, हे खरे. पण दगडावर आपटलेल्या चाकाचा हिसकाही तिथेच जिरे. येथे भौतिकीचा एक सुंदर नियम लागू होतो. ज्या स्क्रूची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांहून कमी असते, तो उलट दिशेने फिरवता येत नाही. मात्र धक्का पूर्णपणे अडवला, तर वळणानंतर चाके आपोआप सरळही होत नाहीत. त्यामुळे घर्षण हवे, पण बेताचे.

१९४०च्या कॅडिलॅकमध्ये स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या आल्या. त्या नळीवाटे पुन्हा आरंभस्थानी परतत आणि अखंड फिरत राहत. घासण्याची जागा गडगडण्याने घेतली, स्टीअरिंग हलके झाले. पण धक्क्यांची परतीची वाटही मोकळी झाली.

या पेचावरचा उपाय त्याआधीच सापडलेला होता. पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेले फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारे स्टीअरिंग डेट्रॉइटच्या उद्योजकांना दाखवले. त्यांची खरी करामत झडपेत होती. चाक स्थिर असताना तेल कमी दाबाने नुसते फिरत राही. चालकाने वळण घेताच एका बाजूची वाट आवळली जाई आणि दाब वाढे. जनरल मोटर्सने करार केला, पण मंदीच्या काळात, १९३४ साली, खर्चाचे कारण देऊन तो सोडला. कल्पनेला न्याय मिळाला तो महायुद्धातील जड चिलखती गाड्यांमध्ये. सामान्य ग्राहकाच्या मोटारीत ती १९५१ साली, क्रायस्लर इंपीरियलमधून आली. तोवर डेव्हिस यांच्या मूळ पेटंटांची मुदत संपलेली होती!

जिम्नीच्या निवडीमागे तेलापेक्षा भूमिती अधिक आहे. तिची पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर आहेत. एक चाक खडकावर चढले की सारा आस कलतो. चौकटीवर बसवलेल्या बॉक्सची भुजा एका लांब दांड्याने हा झोल सांभाळून घेते. रॅकच्या दोन आखूड दांड्यांना ते जड जाते. २०२०च्या थारने पुढच्या चाकांना स्वतंत्र निलंबन दिले, म्हणून तिथे रॅक शोभतो. जिम्नीने आस अखंड ठेवला, बॉक्सला विजेच्या मोटरची जोड दिली, आणि उरलासुरला हिसका गिळण्यासाठी स्टीअरिंगच्या दांड्याला एक छोटा डँपरही लावला.