हुंडीपासून ई-मेलपर्यंत : तोतयांचा इतिहास

श्रोतेहो, कापसाच्या व्यापाराने नावारूपास आलेली हुबळी आणि निवृत्त मंडळींचे गाव म्हणून ओळखले जाणारे धारवाड, ही जुळी शहरे पैशाच्या देवघेवीस नवखी नाहीत. १६७३ साली अण्णाजी दत्तोंच्या फौजेने हुबळीची पेठ लुटली, तेव्हा इंग्रजांची वखारही तेथे होती. अशा काळी रोकड घेऊन वाट चालणे जोखमीचे असे. म्हणून सावकारांनी हुंडीचा मार्ग पत्करला. परंतु कागद आला, तसा खोटा कागदही आला.

त्यावर आपल्या पूर्वजांनी योजलेले उपाय मार्मिक होते. हुंडीत रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहीत. शिवाय तिची निम्मी रक्कम सांगून ‘त्याची दुप्पट’ असेही नमूद करीत. शहाजोग हुंडीचे पैसे पेठेत पत असलेल्या सावकारालाच मिळत, आणि हुंडी बनावट ठरल्यास ते परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राही. राजपत्राच्या अखेरीस मोर्तब उठवीत, ते पुढे कोणी मजकूर घुसडू नये म्हणून.

खोटा कागद ओळखता येतो; खोटा माणूस ओळखणे अधिक कठीण. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे त्यांचे नाव धारण करणाऱ्या तोतयाने १७७६ साली कोकणात बंड माजविले. आंग्र्यांनी त्याला पकडले व पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. लोक त्याच्या नादी का लागले? भाऊसाहेब जिवंत असावेत, असे अनेकांना मनोमन वाटत होते म्हणून. तोतयाचे खरे भांडवल आपली आशा आणि आपले भय हेच होय.

त्या काळच्या धारवाड जिल्ह्यात, गदगजवळील कणगिनहाळ येथे, १९०५ साली शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था निघाली; देशातील पहिल्या पतसंस्थेचा मान तिला देतात. तेथे देणारा आणि घेणारा एकाच गावचे, परस्परांच्या ओळखीचे. आज बँक पडद्यावर आली आणि ही ओळख सुटली. तेवढ्याच फटीतून नवा तोतया आत येतो.

‘आपले खाते आज रात्री बंद होईल’ हे त्याचे भय; ‘प्राप्तिकराचा परतावा जमा झाला आहे’ ही त्याची आशा. इंग्रजीत यास फिशिंग, म्हणजे गळ टाकणे, म्हणतात. १९९६ च्या सुमारास हा शब्द रूढ झाला. लिफाफ्यावर पाठविणाराचे नाव कोणीही काहीही लिहावे, तसेच ई-मेलचेही आहे. बँकेचे नाव व बोधचिन्ह दिसले म्हणून पत्र बँकेचे ठरत नाही.

मग करावे काय? पत्रातील दुव्यावर बोट ठेवू नये; बँकेचा पत्ता स्वतः लिहून उघडावा. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेला पत्ता घेण्यास सांगितले होते. हा शेवट संकेतस्थळाच्या नावाच्या अगदी अखेरीस हवा. मधेच कोठे तरी तो घुसडून फसविता येते. परवलीचा शब्द, गुप्त अंक व ओटीपी कोणासही सांगू नये. खरी बँक ते विचारीत नाही.

तरीही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. तत्काळ बँकेस कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांत, दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा प्रसंगी तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्यास संपूर्ण संरक्षण दिले होते. गुप्त अंक स्वतःच सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, नंतरचे बँकेचे. म्हणून येथे घटकेघटकेला मोल आहे.

अनोळखी हुंडी आली की जुना सावकार लिहिणाऱ्या पेढीकडे विचारणा करी आणि मगच थैली सोडी. जन्मभराची पुंजी बँकेत ठेवून बसलेल्या आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना ही रीत आज आवर्जून समजावून सांगावी.